चौथ्या तंबूचा डबा

१

शेजारच्या मिश्रा चाचींचा डबा परत करायचा असला की आई तो आधी घासायची, पुसायची आणि मग ओट्याशी उभी राहून विचार करायची. आत काय घालावं? घरात काही केलेलं नसलं तर चमचाभर साखर. साखर संपत आली असली तर चार शेंगदाणे. पण रिकामा डबा कधीच नाही. "रिकामं भांडं परत करू नये," एवढंच ती सांगायची. का ते विचारलं की म्हणायची, "करू नये म्हणजे करू नये." आमच्या घरातल्या निम्म्या गोष्टींची कारणं अशीच होती.

त्यामुळे लखनौच्या इंदिरानगरातल्या आमच्या गल्लीत काही डबे वर्षानुवर्षं नुसते फिरत होते. चाचींकडून शकरपारे आले की आमच्याकडून चकल्या, चकल्या गेल्या की तिकडून गाजराचा हलवा. कोणी सुरू केलं ते कोणाला आठवत नव्हतं आणि थांबवायची कोणाची हिंमत नव्हती. मी फिजिक्समध्ये एमएस्सी झालेली. डब्यात काय घालावं यावर अर्धी दुपार गेली की माझं डोकं फिरायचं.

या फिरत्या डब्यांतला आमचा एक स्टीलचा, कडीचा होता. मी शाळेत असताना आईबरोबर याहियागंजच्या बाजारात जाऊन घेतलेला. दुकानदाराकडे नाव घालायचं मशीन होतं. 'सौ. अरुणा खांबेटे' असं ठिपक्याठिपक्यांनी लिहून होत आलं आणि वीज गेली. परत आली तेव्हा सुई उडाली, आणि शेवटच्या अक्षरापासून डब्याच्या काठापर्यंत एक वेडीवाकडी रेघ उमटली. आईनं तोंड वाकडं केलं, पण बदलून मागितला नाही. एकदा नाव पडलेली वस्तू परत कशी करायची, म्हणाली.

हे सगळं सांगते आहे कारण पुढचं मला नीट लागत नाही. जिथपर्यंत नक्की माहीत आहे तिथपासून सुरुवात केलेली बरी.

१९९५ च्या डिसेंबरात मला पुण्याहून पत्र आलं. संशोधनाची फेलोशिप मिळाली होती आणि दोन जानेवारीला हजर व्हायचं होतं. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आईला विचार." आईनं पत्र हातात घेतलंच नाही. "लांब गेलेल्या मुलीचं काय होतं ते मला माहीत आहे," म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली.

ती मूळची सांगलीची. लग्न करून लखनौला आली त्याला तेवीस वर्षं झाली होती. तिची आई गेल्यावर मामानं सांगलीच्या दोन भाड्याच्या खोल्या सोडल्या आणि तो नोकरीसाठी लांब निघून गेला. तेव्हापासून आईला माहेर नव्हतं. याचा माझ्या फेलोशिपशी काय संबंध, ते मला कळत नव्हतं.

भांडणं आठवडाभर चालली. शेवटी बाबांनी तोडगा काढला. नाताळच्या सुट्टीत तिघांनी झिरना ताल या तलावावर जायचं, दोन रात्री तंबूत राहायचं आणि निघायच्या दिवशी आईनं काय ते सांगायचं.

"आणि नाही म्हणाली तर?" मी विचारलं.

"तर नाही," आई म्हणाली.

२

शनिवारी पहाटे धुक्यात आमची मारुती व्हॅन निघाली. चारबाग स्टेशनपाशीच तासभर गेला. मग रायबरेली, अलाहाबाद, यमुनेचा पूल आणि तिथून पुढे हळूहळू चढत जाणारी लाल खडकांची जमीन. बाबा चिनहटच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघायचे. त्यांनी सोबत नायलॉनची दोरी, होकायंत्र, दोन टॉर्च आणि सामानाची यादी घेतली होती. आईनं स्टोव्ह, पोहे आणि बेसनाचे लाडू घेतले होते. मी पुण्याचं पत्र घेतलं होतं.

चार वाजता पोचलो. खरंच देखणी जागा. लांबट, शांत तलाव. त्याच्या दक्षिणेच्या टोकाला पाणी एकदम खाली उतरतं आणि तिथून एक खोल घळई सुरू होते, सुरीनं कापल्यासारख्या सरळ भिंतींची. तलावाच्या काठानं चार सरकारी तंबू होते. तीन एका ओळीत आणि चौथा दीडशे पावलांवर, तलाव जिथे वळतो तिथे. आम्हाला दुसरा मिळाला. आत झोपायला तीन तख्त, एक स्टूल, ओल्या कापडाचा वास.

"इस बार बस आप ही लोग हैं, साहब," चौकीदार रामसजीवन म्हणाला. साठीचा, मफलर गुंडाळलेला माणूस.

"मग त्या चौथ्यात कोण आहे?" आईनं आम्हाला विचारलं आणि त्याच्याकडे वळली. "वो उधर कौन है, भैया?"

"कोई नहीं, माताजी. अक्टूबर से खाली है."

"बर्तन घासने का आवाज आता है."

रामसजीवननं मान तिरकी करून ऐकलं. मीही ऐकलं. राखेनं भांडी घासल्यासारखा एक बारीक, खरखरीत आवाज येत होता खरा.

"पानी है," तो म्हणाला. "किनारे पे पानी ऐसे ही बजता है."

तो गेल्यावर आईनं कडीच्या डब्यात सहा लाडू भरले आणि माझ्यापुढे धरला. "त्या तंबूत देऊन ये."

"आई, तो म्हणतोय तिथे कोणी नाही."

"त्याला काय माहीत. सरकारी माणूस तो."

"सरकारी माणूस म्हणजे आंधळा का?"

"शेजारी कोणी असताना आपणच खायचं, बरं दिसतं का?"

"आणि कोणी नसताना पाठवायचं, ते बरं दिसतं?"

बाबा दोरी ताणत होते. "जा गं बाई," ते म्हणाले. "दोन दिवस तिचं मन राख. तुझाच फायदा आहे."

मी गेले. चौथा तंबू आमच्यासारखाच होता, फक्त त्याच्या दोऱ्या ओल्या होत्या. दाराचं कापड खालपासून वरपर्यंत नाडीनं बांधलेलं. "कोई है?" मी दोनदा विचारलं. आवाज थांबला नाही, वाढलाही नाही. दाराशी एक सपाट दगड होता. त्यावर डबा ठेवला आणि वळले. माकडं खातील, खाऊ देत.

अर्ध्या वाटेत लक्षात आलं. नाडीची गाठ आतून मारलेली होती.

मागच्या बाजूला दुसरं दार असेल. मी पाहायला गेले नाही.

३

सकाळी धुकं इतकं होतं की तलाव नव्हताच. तंबूबाहेरच्या स्टुलावर डबा होता. घासून लख्ख केलेला. आत चमचाभर साखर.

"पाहिलंस?" आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "रीत आहे त्यांना."

"रामसजीवननं ठेवला असेल," बाबा म्हणाले.

रामसजीवन चहा घेऊन आला तेव्हा मी विचारलं. त्यानं डब्याकडे पाहिलं आणि किटली खाली ठेवली. "हमने नहीं रखा, बिटिया." मग आईला म्हणाला, "माताजी, अब मत भेजिए."

"क्यों?"

"कोई है ही नहीं, तो क्यों भेजना."

मला हे इतकं पटलं की मी त्याच्या बाजूनं बोलायला लागले. तोवर आईनं डब्यात चिवडा भरला होता. या वेळी ती स्वतः गेली. धुक्यात तिचा मरून स्वेटर थोडा वेळ दिसला, मग नाही. पाच मिनिटांत रिकाम्या हातानं परत आली. दगडावर ठेवून आले, म्हणाली.

दुपारी ऊन पडलं. आम्ही तिघंही काठावर बसलो होतो. तंबूकडे परत गेलो तेव्हा स्टुलावर डबा होता. आत पळसाच्या पानावर गुळाचा खडा आणि भाजलेले शेंगदाणे. सालं काढलेले आणि एकूणएक दाणा अर्धा केलेला.

आई तख्तावर बसली.

"लहानपणी अख्खा दाणा माझ्या घशात अडकला होता," ती म्हणाली. "तेव्हापासून आई मला असेच द्यायची. अर्धे करून."

"दाणे भाजले की अर्धे होतातच, अरुणा," बाबा म्हणाले.

"सगळे नाही होत."

मी तिच्याकडे रोखून पाहिलं. हे तिनंच केलं असेल का? मला पुण्याला न पाठवण्यासाठी काहीतरी नाटक? पण चिवडा ठेवून आल्यापासून ती आमच्या नजरेसमोर होती. आणि आईला नाटक येत नाही. भाजीवाल्याशी खोटं बोलतानासुद्धा तिची पापणी फडफडते.

तिनं गूळ आणि दाणे खाल्ले. एकेक करून, सगळे. आम्हाला विचारलंसुद्धा नाही. आम्हाला न देता आईनं काही खाल्लेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

४

तीन वाजता रामसजीवन आम्हाला घळई दाखवायला घेऊन गेला. काठावर लोखंडी कठडा होता. तळाशी हिरव्या पाण्याची बारीक रेघ, समोर भिंत.

"आवाज़ दीजिए, साहब. लौट के आएगी."

बाबांनी दोन्ही हात तोंडाशी नेऊन "हो" म्हणून आरोळी ठोकली. समोरून "हो" आलं. माझ्या घड्याळात स्टॉपवॉच होतं. मी माझंच नाव घेतलं आणि वेळ मोजली. साधारण एक पूर्णांक तीन सेकंद, म्हणजे समोरची भिंत सव्वादोनशे मीटरवर. मला बरं वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हिशेबात बसलं होतं.

"तू ओरड आता," मी आईला म्हटलं.

"मला नाही येत ओरडायला."

"सगळ्या इंदिरानगरला ऐकू जातं तुझं ओरडणं. ओरड."

ती हसली. कठड्याला धरून तिनं हाक मारली, "ऋचाऽऽ". शेवटचा स्वर वर नेऊन, मी गच्चीवर अभ्यास करत असले की मारायची तशी.

मी स्टॉपवॉच दाबून उभी राहिले. दोन सेकंद. पाच. दहा.

"पुन्हा," बाबा म्हणाले. "जरा जोरात."

तिनं पुन्हा हाक मारली. खाली पाण्यावर बगळा उडाला, म्हणजे आवाज तिथवर गेला होता. परत मात्र काही आलं नाही.

"वारा बदलला असेल," मी म्हटलं. लगेच मी स्वतःचं नाव घेतलं. ते एक पूर्णांक तीन सेकंदांनी परत आलं.

रामसजीवन आईकडे पाहत होता. "सबकी लौटती है," तो हळूच म्हणाला.

आईला काहीच वाटलेलं दिसलं नाही. ती घळईकडे बघतही नव्हती. तलाव जिथे वळतो तिकडे तिचं तोंड होतं. "येईल," ती म्हणाली.

परत येताना मी कारणं शोधत होते. बायकांच्या आवाजाची पट्टी वेगळी. पण मग माझा का आला? स्वर हळू वर नेला तर ध्वनी पसरतो. किती पसरतो? मी मनात समीकरणं मांडत चालले होते आणि एकही पूर्ण होत नव्हतं.

सूर्य टेकला होता. आई तंबूबाहेर स्टोव्हवर खिचडी हलवत होती. मी तिच्यापासून दोन हातांवर कांदा चिरत होते. आणि चौथ्या तंबूच्या बाजूनं, पाण्यावरून, हाक आली.

"ऋचाऽऽ."

शेवटचा स्वर वर गेलेला. मग तेवढंच थांबून, जरा जोरात, पुन्हा एकदा.

आईनं पळी थांबवली नाही. "आली बघ," ती म्हणाली.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या मांडीवर ट्रान्झिस्टर होता आणि ते त्याचं बटण फिरवत होते. बॅटरी आम्ही लखनौलाच विसरलो होतो. तरी ते फिरवत राहिले.

५

खिचडी डब्यात भरून आई पुन्हा गेली. अजून उजेड होता. अर्धा तास झाला तरी आली नाही, तेव्हा बाबांनी टॉर्च घेतला. पण ते निघायच्या आत ती समोरून येताना दिसली. तिची चाल हलकी होती. आणि तिच्या पाठीवर वेणी होती.

मला आठवतं तेव्हापासून आई अंबाडा घालते. ती जवळ आली तशी केसांना घातलेल्या तेलाचा वास आला. कोमट केलेलं खोबरेल.

"कोण आहेत तिथे?" बाबांनी विचारलं.

"बायका आहेत. आपल्याकडच्या."

"आपल्याकडच्या म्हणजे? मराठी?"

"आपल्याकडच्या म्हणजे आपल्याकडच्या."

"आणि वेणी?" मी विचारलं.

"घातली त्यांनी. बसवूनच घेतलं." ती तख्तावर आडवी झाली. "किती गं प्रश्न विचारतेस. एवढ्या दिवसांनी कोणी डोक्याला हात लावला माझ्या."

बाबा मला बाहेर घेऊन आले. "असेल एखादी बँकेतली फॅमिली," ते म्हणाले. "रामसजीवनला वर पैसे देऊन उतरली असेल, म्हणून तो लपवतो. यूपीत काय होत नाही."

हे पटण्यासारखं होतं. मी पटवून घेतलं.

सोमवारी, निघायच्या सकाळी, डबा स्टुलावर आला. आत तांदूळ, त्यावर हळकुंड, सुपारी आणि हिरव्या खणाची घडी. आईनं पदर पुढे घेतला, डबा त्यात ओतला आणि ती रडायला लागली. आवाज न करता.

"ओटी," ती म्हणाली. "आई गेल्यापासून माहेरची ओटी नव्हती भरली कोणी."

बाबा अवघडून उभे राहिले. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला दिसत होतं ते एवढंच की आज सोमवार आहे, आणि तीन दिवस मी ज्या उत्तरासाठी गप्प बसले ते कोणाच्या लक्षातही नाही.

"आज सांगायचं ठरलं होतं," मी म्हटलं.

आईनं डोळे पुसले. "तू नको जाऊस, ऋचा."

"का?"

"गेलेल्या मुलीला परत यायला जागा उरत नाही. तुला नाही कळायचं."

"तुझं माहेर उरलं नाही, त्याला मी काय करू?" मी म्हटलं. "इतकी वर्षं तेच धरून बसली आहेस. आता कुठल्या तरी अनोळखी बायांनी मूठभर तांदूळ दिले तर रडते आहेस, आणि माझं आयुष्य अडवते आहेस."

"ऋचा," बाबा म्हणाले.

"नाही, बोलू देत तिला," आई म्हणाली. तिनं पदराची गाठ मारली. उरलेले चार लाडू डब्यात ठेवले, कडी लावली आणि डबा माझ्या हातात दिला. "एवढा देऊन ये. ओटी भरली त्यांनी, रिकामा कसा ठेवायचा. मग निघू."

६

वाटेत, पहिल्याच वळणावर, मी चारही लाडू तलावात फेकले.

माझ्या मनात काय होतं ते मला नीट आठवतं. इथे तरी मी गोंधळलेली नाही. मला ही देवाणघेवाण थांबवायची होती. चाचींची, आईची, या तंबूची, सगळी. कोणीतरी एकदा रिकामा डबा द्यायला हवा होता.

चौथ्या तंबूची नाडी आज सुटलेली होती. कापड चारेक बोटं उघडं होतं. मी वाकून पाहिलं.

आत तख्त नव्हतं. जमीन सारवलेली होती. मधोमध एक पाट, त्याच्याभोवती रांगोळीची रेघ, उजव्या हाताला पाण्याचा तांब्या, त्यावर भांडं पालथं घातलेलं. पाटाशेजारी तेलाची वाटी आणि फणी. फणीत दोन-तीन केस अडकलेले. त्यांत एक पांढरा.

एकच पाट होता. वाढणाऱ्याची कुठे जागा दिसत नव्हती.

मी हात आत घातला आणि डबा पाटावर ठेवला. "बास आता," मी मोठ्यानं म्हटलं. "यात काही नाही."

तेव्हा तो आवाज थांबला. भांडी घासल्यासारखा तो आवाज दोन दिवस अखंड चालू होता, हे तो थांबल्यावर मला कळलं. तलाव समोर होता, पाणी काठाला लागत होतं, आणि ते अजिबात वाजत नव्हतं.

मी पळाले नाही. चालतच परत आले. आमच्या तंबूशी बाबा दोरीचं भेंडोळं करत होते.

"आई कुठे आहे?" मी विचारलं.

"तुझ्यामागेच गेली की. डब्यात काहीतरी घालायचं राहिलं, म्हणाली."

वाट एकच होती. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उभा खडक. मला वाटेत कोणी भेटलं नव्हतं.

मी हे सांगायला तोंड उघडलं आणि आई वळणावरून येताना दिसली. मरून स्वेटर, हातात डबा. केसांचा अंबाडा घातलेला. ती आली, डबा तिनं पिशवीत टाकला आणि म्हणाली, "चला."

"काही दिलं नाही त्यांनी?" मी विचारलं.

"नाही."

"आणि तू? काहीतरी घालायचं राहिलं होतं ना?"

"मी कशाला काही घालू?" ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

रामसजीवन कुठे दिसला नाही. बाबांनी चहाचे पैसे त्याच्या खोलीच्या दाराशी ठेवले.

७

रस्ता घळईच्या काठाकाठानं वर चढतो. एका ठिकाणी तो तलावाच्या बरोबर वर येतो. तिथून चारही तंबू काडेपेटीएवढे दिसतात.

आई पुढे बाबांशेजारी बसली होती. मी तिच्या मागे. माझ्यासमोर तिचा अंबाडा होता. तेलाचा वास येत नव्हता. धुतले असतील केस. कधी धुतले असतील?

"ऋचा," ती समोर बघत म्हणाली. "तू जा पुण्याला."

बाबांनी गाडीचा वेग कमी केला. "खरंच?"

"जाऊ दे. दोन तारखेला हजर व्हायचं आहे ना. तिकीट काढा."

किती सरळ वाक्यं. एक उसासा नाही, एक अट नाही. मी जे ऐकायला आठवडाभर भांडत होते, ते तिनं भाजी आणायला सांगितल्यासारखं सांगून टाकलं. माझे हात थंड पडले. ते आनंदानं असेल असं मी ठरवलं. खिडकीतून बाहेर पाहिलं, कारण कुठेतरी पाहायला हवं होतं.

खाली, चौथ्या तंबूपुढच्या दगडावर, एक बाई बसली होती. मरून स्वेटर घातलेली. पाठीवर वेणी. मांडीवर काहीतरी चकाकत होतं आणि ती मान खाली घालून त्यात बघत होती, आत काही राहिलं आहे का ते बघावं तशी. मग तिनं मान वर केली. रस्त्याच्या बाजूला. दोन्ही हात तोंडाशी नेले.

माझ्या बाजूची काच बंद होती.

एवढ्या उंचीवरून स्वेटरचा रंग नक्की सांगता येत नाही. डोळ्यांवर ऊन होतं. रामसजीवनची बायको असेल, किंवा बँकेतली ती फॅमिली. माझ्या समोर, हाताच्या अंतरावर, आईचा स्वेटर होता, कोपराला उसवलेला, मीच शिवलेला. मी टाका शोधला. कोपराची ती बाजू सीटला लागून होती. दिसला नाही.

"खूश ना आता?" बाबांनी आरशातून विचारलं.

मला फक्त "थांबवा" म्हणायचं होतं. गाडी वळवायला दहा मिनिटं लागली असती. खाली उतरलो असतो, ती कोणी परकी बाई निघाली असती, सगळे हसलो असतो. आणि आईनं कदाचित पुन्हा विचार केला असता.

"हो," मी म्हटलं.

काच मी खाली केली नाही.

८

घरी आल्यावर आईनं मिश्रा चाचींचा डबा त्यांना परत दिला. मी दाराशीच होते. चाचींनी झाकण उघडलं, आत पाहिलं, डबा थोडा तिरका करून पुन्हा पाहिलं. "अरे, भाभी भूल गईं," त्या हसत म्हणाल्या, पण माझ्याकडे बघत. आई आत निघून गेली होती. मी स्वयंपाकघरातून चमचाभर साखर आणली आणि घातली.

बाकी तिच्यात काही फरक नाही. बाबा तर म्हणतात ती आता शांत झाली आहे, कुरकुरत नाही. पोळ्या तशाच करते. मामाचं नाव निघालं तर "कोण" असं विचारत नाही, पण पुढे काही बोलतही नाही.

चारबागला मला सोडायला दोघं आले होते. गाडी हलली तेव्हा आईनं खिडकीतून तो कडीचा डबा माझ्या हातात दिला. "असू दे," म्हणाली. कानपूर गेल्यावर मी तो उघडला. रिकामा होता. झाकण लावताना नावाकडे लक्ष गेलं. 'सौ. अरुणा खांबेटे'. ठिपके स्वच्छ, ओळ सरळ. शेवटच्या अक्षरापासून काठापर्यंत मी बोट फिरवलं. गुळगुळीत होतं. दिव्याखाली धरून पाहिलं. रेघ नव्हती.

स्टीलवरची रेघ घासून जात नाही. हे मला फिजिक्स न शिकताही कळलं असतं.

आता तीन वर्षं होत आली. पुण्यात माझं काम चांगलं चाललं आहे. आईची पत्रं दर पंधरा दिवसांनी येतात, अक्षर तिचंच असतं. कधी मधल्या वेळी, प्रयोगशाळेत सगळे जेवायला गेले असताना, मला हाक ऐकू येते, शेवटचा स्वर वर नेलेली. मी आता वेळ मोजत नाही. काही हाकांना पोचायला किती दिवस लागतील, ते मी घळईच्या रुंदीवरून काढू शकत नाही.

तो डबा माझ्या टेबलावर असतो. मैत्रिणी हसतात, कारण त्यात मी नेहमी चमचाभर साखर ठेवते. ओल धरली की टाकते आणि नवी घालते. परत नेऊन द्यायचा झाला तर रिकामा नको.

अजून नेऊन दिलेला नाही.